हप्ते भरपूर, आधार तोकडा

आपल्या देशात विम्याबद्दल जागरूकता नाही, ही तक्रार इतकी जुनी आहे की ती कुणी तपासून पाहत नाही. आकडे मात्र वेगळेच सांगतात. देशाच्या वार्षिक उत्पन्नाच्या साधारण तीन टक्के रक्कम दरवर्षी आयुर्विम्याच्या हप्त्यांत जाते आणि जगाची सरासरीही त्याच्याच आसपास आहे. हप्ते भरण्यात आपण मागे नाही. तरीही स्विस री या पुनर्विमा कंपनीचा २०१९ सालच्या स्थितीबद्दलचा अंदाज असा, की कमावता माणूस गेल्यावर भारतीय कुटुंबांना जेवढ्या पैशांची गरज पडेल, त्यातला ८३ टक्के भाग विमा आणि बचत मिळूनही भरून निघत नाही. एवढे पैसे भरून एवढेसेच संरक्षण पदरात पडत असेल, तर दोष जागरूकतेच्या अभावाचा नाही. आपण पैसे भलत्याच गोष्टीसाठी भरतो आहोत. आयुर्विमा म्हणजे मुदतीनंतर व्याजासह परत येणारी बचत, हा त्यामागचा मूळ गैरसमज. विम्याबद्दलचे बाकीचे बहुतेक गैरसमज याच एका मुळातून फुटलेले आहेत, हे या प्रकरणात पाहायचे आहे.

आधी विम्याचे निखळ रूप पाहू. भारतातील विमेदारांच्या मृत्युदराचे जे तक्ते विमा कंपन्या वापरतात, त्यांनुसार तिशीतल्या माणसाचा त्या वर्षात मृत्यू होण्याचे प्रमाण हजारी एकाच्या आसपास असते. म्हणजे तिशीतली दहा हजार माणसे एकत्र आली, तर वर्षभरात त्यांतली साधारण दहा जातील. कोण जाणार हे कुणालाच सांगता येत नाही, पण किती जाणार हे बऱ्यापैकी अचूक सांगता येते. त्या दहा घरांना प्रत्येकी एक कोटी रुपये द्यायचे ठरले, तर दहा कोटी लागतील आणि प्रत्येकाच्या वाट्याला वर्षाला दहा हजार रुपये येतील. विमा एवढाच आहे. कंपनीचा खर्च आणि नफा त्यात मिळवावा लागतो, वय वाढेल तसा धोकाही वाढतो आणि पन्नाशीत तो हजारी चारच्या पुढे जातो. उलट बाजूला, कंपनी तपासणी करून निरोगी माणसे निवडते आणि सुरुवातीला जमलेल्या पैशांवर व्याजही कमावते. म्हणून तंबाखूचे व्यसन नसलेल्या तिशीतल्या निरोगी माणसाला साठीपर्यंत एक कोटीचे संरक्षण देणारा टर्म प्लॅन आजही साधारण दहा ते पंधरा हजारांच्या वार्षिक हप्त्यात मिळतो. या व्यवहारात जिवंत राहिलेल्यांना काही परत मिळत नाही, आणि ते मिळत नाही म्हणूनच हप्ता इतका कमी असतो. नऊ हजार नऊशे नव्वद जणांचे पैसे ‘वाया’ गेले नाहीत. ते त्या दहा घरांत गेले, आणि त्या दहांत आपले घर असते तर आपल्याकडे आले असते.

मग बचतीची कल्पना विम्याला इतकी घट्ट कशी चिकटली? ती लोकांच्या अडाणीपणातून आली असे म्हणणे अन्यायाचे होईल. भारतातली पहिली आयुर्विमा कंपनी १८१८ साली कोलकात्यात निघाली, ती मुख्यतः इथल्या युरोपियनांसाठी. पुढे हिंदी माणसांचा विमा उतरवला जाऊ लागला, तरी त्यांच्याकडून जादा हप्ता घेतला जाई. १८७० च्या सुमारास निघालेल्या बॉम्बे म्युच्युअलने त्यांना सर्वसाधारण दराने विमा द्यायला सुरुवात केली. त्यानंतर कंपन्या भराभर निघाल्या आणि त्यांतल्या अनेक तशाच भराभर बुडाल्या. १९ जानेवारी १९५६ रोजी अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख यांनी आकाशवाणीवरून राष्ट्रीयीकरणाची घोषणा केली, तेव्हा देशात देशी-परदेशी कंपन्या आणि प्रॉव्हिडंट सोसायट्या मिळून २४५ संस्था या व्यवसायात होत्या. आधीच्या दहा वर्षांत पंचवीस कंपन्या दिवाळ्यात निघालेल्या होत्या. त्याच वर्षी दुसरी पंचवार्षिक योजना सुरू होत होती आणि तिला भांडवल हवे होते. १ सप्टेंबर १९५६ रोजी स्थापन झालेल्या आयुर्विमा महामंडळावर म्हणूनच दुहेरी काम आले: लोकांना विमा द्यायचा आणि त्यांची बचत गोळा करून ती देशाच्या उभारणीला लावायची. बँकेची शाखा दूरवर दिसत नव्हती, म्युच्युअल फंड सामान्य माणसाच्या आवाक्यात नव्हते. अशा काळात घरी येऊन हप्ता घेऊन जाणारा एजंट, पगारातून होणारी कपात, आयकरातली सवलत आणि सरकारची हमी यांमुळे एंडोमेंट आणि मनी बॅक या पारंपरिक पॉलिसी मध्यमवर्गाची सर्वांत सोयीची बचत ठरल्या. त्या काळापुरता तो निर्णय शहाणपणाचाही होता. काळ बदलला आणि सवय तशीच राहिली, इथे गाडे अडले.

ही सवय किती महाग पडते, हे एका साध्या उदाहरणात दिसेल. समजा, तिशीतल्या एकाने वीस वर्षांची, दहा लाख विमा रकमेची पारंपरिक पॉलिसी घेतली. तिचा वार्षिक हप्ता ढोबळमानाने पन्नास हजारांच्या घरात जातो. वीस वर्षांत तो दहा लाख भरतो आणि बोनस धरून शेवटी साडेएकोणीस लाख मिळाले तर ‘पैसे जवळजवळ दुप्पट झाले’ असे सांगितले जाते. हिशेब खोटा नाही, फक्त त्यातून वेळ गाळलेला आहे. दरवर्षी पन्नास हजार आणि शेवटी साडेएकोणीस लाख, याचा अर्थ वर्षाला ६ टक्के परतावा. बोनस कमी पडला आणि हाती १७ लाख ३५ हजार आले, तर तो ५ टक्के होतो. तीच रक्कम दरवर्षी सार्वजनिक भविष्य निर्वाह निधीत टाकली असती, तर एप्रिल २०२० पासून चालू असलेला ७.१ टक्के दर कायम राहिला असे धरून २२ लाखांच्या पुढे गेली असती. परताव्याचा फरक एक वेळ सोसता येईल. पण याच माणसाने त्या पन्नास हजारांत दहा लाखांऐवजी एक कोटीचे संरक्षण घेतले असते आणि तरीही वर्षाला पस्तीस-चाळीस हजार बचतीसाठी उरले असते, हे त्याला सहसा कुणी सांगत नाही. त्याचे कारणही पैशातच आहे. पारंपरिक पॉलिसीच्या पहिल्या वर्षाच्या हप्त्यावर ३५ टक्क्यांपर्यंत कमिशन द्यायला बराच काळ नियमांची मुभा होती. पन्नास हजारांचे ३५ टक्के म्हणजे साडेसतरा हजार. टर्म प्लॅनचा तर अख्खा हप्ताच त्याहून कमी असतो.

दहा लाख ही रक्कम बचत म्हणून भरघोस वाटते. संरक्षण म्हणून तीच केवढी उरते ते पाहा. ज्या घराचा महिन्याचा खर्च चाळीस हजार आहे, त्या घराला ती जेमतेम दोन वर्षे पुरते. धाकटे मूल पाच वर्षांचे असेल तर ते सातव्या वर्षी, म्हणजे दुसरीत असतानाच, पैसे संपतात. महागाई दरसाल ६ टक्के धरली तर वीस वर्षांनी दहा लाखांची खरेदीची ताकद आजच्या सव्वातीन लाखांहूनही कमी होते. म्हणून ‘आपल्याकडे पॉलिसी आहे’ या वाक्याला अर्थ नाही. किती रकमेची आहे, हा प्रश्न आहे. तो सोडवण्याची रीत अवघड नाही. आपण नसताना घराला वर्षाला किती लागतील, ते किती वर्षे लागतील, डोक्यावर कर्ज किती आहे आणि मुलांच्या शिक्षणाला किती हवेत याची बेरीज करायची. त्यातून हाती असलेली बचत आणि जोडीदाराची कमाई वजा करायची. उरलेला आकडा तेवढा विमा. बचतीच्या नजरेने पाहणारा माणूस उलट्या टोकाने सुरू करतो: आधी झेपेल तो हप्ता ठरवतो आणि त्यात जी विमा रक्कम बसेल ती मुकाट घेतो.

यावर एक आक्षेप घेतला जातो आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. माणसे स्वभावाने उधळी असतात. पॉलिसीचा हप्ता चुकवता येत नाही म्हणून तेवढी तरी बचत होते. टर्म प्लॅन घेऊन उरलेले पैसे गुंतवा हे सांगणे सोपे, पण उरलेले पैसे खर्चच होतात. या म्हणण्यात तथ्य आहे. मात्र सक्तीची बचत खरोखर टिकते का, हे पाहायला हवे. विमा कंपन्यांची स्वतःची आकडेवारी दाखवते की पाच वर्षांनंतर विकलेल्या पॉलिसींपैकी निम्म्याच्या आसपासच चालू राहतात. बाकीच्या मध्येच बंद पडतात, आणि पारंपरिक पॉलिसी मध्येच सोडणे हा सर्वांत तोट्याचा व्यवहार असतो. पूर्वी पहिल्या दोन-तीन वर्षांत सोडली तर हाती काहीच येत नसे. १ ऑक्टोबर २०२४ पासून लागू झालेल्या नियमांनी एका वर्षाच्या पूर्ण हप्त्यानंतरही काही रक्कम मिळण्याची सोय झाली, तरी सुरुवातीच्या वर्षांत भरलेले सगळे पैसे परत येत नाहीत. म्हणजे ज्याला शिस्त नाही त्याला ही सक्ती शिस्त लावत नाही, दंड करते. ज्याला शिस्त आहे, त्याच्यासाठी बँकेतून आपोआप वळते होणारे आवर्ती ठेवीचे, भविष्य निर्वाह निधीचे किंवा एसआयपीचे हप्ते तेच काम कमी खर्चात करतात. मुदतीअखेर सगळे हप्ते परत देणारे टर्म प्लॅनही या मानसिकतेवरच विकले जातात. त्यांचा हप्ता साध्या टर्म प्लॅनपेक्षा बराच जास्त असतो आणि तो जादा पैसा तीस वर्षे वापरून कंपनी आपलेच मुद्दल आपल्याला बिनव्याजी परत करते.

दुसरे समर्थन करबचतीचे. मार्च महिन्यात घाईघाईने काढलेल्या पॉलिसी हे आपल्याकडचे वार्षिक दृश्य होते. आता त्याचा पायाच खचला आहे. २०२३-२४ पासून करदात्याने वेगळा पर्याय निवडला नाही तर त्याला नवी करप्रणाली लागू होते, आणि हप्त्यांवरची दीड लाखापर्यंतची ती ओळखीची वजावट तिच्यात नाही. १ एप्रिल २०२३ पासून घेतलेल्या पारंपरिक पॉलिसींचा वार्षिक हप्ता एकूण पाच लाखांच्या वर असेल, तर मुदतीअखेर मिळणारी रक्कमही करपात्र झाली. मृत्यूनंतर वारसांना मिळणारी रक्कम मात्र करमुक्तच ठेवली आहे. वैयक्तिक आयुर्विम्याच्या हप्त्यांवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून काढून टाकल्यामुळे १८ टक्के कर लागणारे टर्म प्लॅनही त्या बोजातून सुटले. सवलती येतात आणि जातात, वीस-तीस वर्षांचा करार त्यांच्या भरवशावर करू नये.

विमा कुणाचा काढायचा, हा घोटाळाही त्याच मुळातून येतो. बचतच करायची तर ती कुणाच्याही नावावर चालते, म्हणून हौसेने तान्ह्या मुलाच्या नावाने पॉलिसी घेतली जाते. मूल गमावण्याचे दुःख पैशांत मोजता येत नाही, पण मुलाच्या कमाईवर घर चालत नसते. विमा हवा तो मुलाला वाढवणाऱ्या आई-बापांचा. ज्याच्यावर कुणीच अवलंबून नाही अशा अविवाहित तरुणालाही आयुर्विम्याची घाई नसते. त्याला आरोग्य विमा आधी लागतो. मात्र ‘ती कमावत नाही, तिला कशाला विमा’ हे गृहिणीबद्दल बोलले जाणारे वाक्य तपासून घ्यावे. तिच्या माघारी स्वयंपाक, मुलांची आणि म्हाताऱ्यांची देखभाल यांसाठी रोख पैसे मोजावे लागतात. घरकामाला आर्थिक मूल्य आहे हे सर्वोच्च न्यायालयानेही २०२१ मध्ये अपघाताच्या भरपाईच्या एका खटल्यात पुन्हा अधोरेखित केले. नोकरदारांना आणखी एक समज सुखावतो: कंपनीचा विमा आहे, तो पुरे. भविष्य निर्वाह निधीला जोडलेल्या विमा योजनेत मिळणारी रक्कम जास्तीत जास्त सात लाख आहे, आणि मालकाने काढलेला सामूहिक विमा नोकरीबरोबर संपतो. पन्नाशीच्या उंबरठ्यावर नोकरी गेली, तर तेव्हा नवा विमा महाग मिळेल, किंवा आजार जडलेला असल्यास मिळणारही नाही. ज्यांना टर्म प्लॅन परवडत नाही त्यांच्यासाठी वर्षाला ४३६ रुपयांत दोन लाखांचे संरक्षण देणारी प्रधानमंत्री जीवन ज्योती विमा योजना आहे. ती पाया म्हणून उत्तम, पण दोन लाखांत घर किती महिने चालेल याचा हिशेब करावाच लागतो.

‘कंपन्या दावे देतच नाहीत’ हा समज मात्र वेगळ्या जातीचा आहे. तो भीतीतून येतो आणि लोकांना परत बचतीच्या पॉलिसीकडे ढकलतो, कारण तिथे निदान जिवंतपणी आपले पैसे दिसतात. अलीकडच्या वर्षांत आयुर्विमा कंपन्यांकडे वैयक्तिक पॉलिसींवर आलेल्या शंभर मृत्यूदाव्यांपैकी ९५ हून अधिक मंजूर झाले आहेत. हे प्रमाण दाव्यांच्या संख्येवरून काढतात, रकमेवरून नाही, शिवाय त्यात जुन्या, लहान रकमेच्या पॉलिसी बऱ्याच असतात, त्यामुळे ते डोळे झाकून घेऊ नये. तरी ‘देतच नाहीत’ याला त्यातून आधार मिळत नाही. नाकारले जाणारे दावे मुख्यतः पॉलिसीच्या पहिल्या तीन वर्षांतले आणि अर्जात माहिती लपवल्याच्या कारणावरचे असतात. मधुमेह, जुनी शस्त्रक्रिया, तंबाखू, आधी घेतलेल्या दुसऱ्या पॉलिसी यांपैकी काही लिहिले नाही तर हप्ता कमी बसतो, पण त्याची किंमत पुढे वारसांना मोजावी लागते. अर्ज एजंटने भरला आणि आपण फक्त सही केली, हे उत्तर सहीखालच्या मजकुरापुढे फारसे टिकत नाही. विमा कायद्याच्या कलम ४५ मध्ये २०१५ साली झालेल्या दुरुस्तीनुसार तीन वर्षे उलटल्यावर कंपनीला कोणत्याही कारणावरून, फसवणुकीच्या कारणावरूनही, पॉलिसीला आव्हान देता येत नाही. मग खोटे लिहून तीन वर्षे काढावीत का, असे कुणी विचारील. जो धोका टाळण्यासाठी विमा घ्यायचा, तोच धोका तीन वर्षे घरावर टांगता ठेवणे हे त्याचे उत्तर. आणि हप्ता थकून पॉलिसी बंद पडली व पुन्हा चालू केली, तर ही तीन वर्षे नव्याने मोजली जातात. आत्महत्येबद्दलही असाच पक्का गैरसमज आहे, की अशा मृत्यूनंतर काहीच मिळत नाही. बंधन पहिल्या बारा महिन्यांपुरते आहे. त्या काळातही भरलेल्या हप्त्यांपैकी किमान ८० टक्के परत द्यावे लागतात आणि त्यानंतर पूर्ण रक्कम देय होते.

पैसे मिळाले तरी ते कुणाचे, हा प्रश्न उरतो. नॉमिनी लावला की काम झाले असे समजले जाते. सरबती देवी विरुद्ध उषा देवी या खटल्यात १९८३ साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की नॉमिनी हा रक्कम स्वीकारणारा असतो, तिच्यावर हक्क कायदेशीर वारसांचा. २०१५ च्या दुरुस्तीने आई-वडील, पती किंवा पत्नी आणि मुले यांना नॉमिनी केले असेल तर त्यांना लाभाचा हक्कही दिला, पण भाऊ, पुतण्या किंवा मित्र नॉमिनी असेल तर जुनाच नियम उभा राहतो. लग्नाआधी पॉलिसी काढून भावाचे नाव घातलेले आणि लग्नानंतर ते बदलायचे राहून गेलेले लोक कमी नाहीत. धंद्यात कर्ज असलेल्यांनी १८७४ च्या विवाहित स्त्रियांच्या संपत्तीविषयक कायद्याकडे लक्ष द्यावे. त्याखाली पत्नी-मुलांच्या नावे घेतलेली पॉलिसी हा त्यांचा विश्वस्त निधी ठरतो आणि सावकारांना तिच्यावर सहसा हात टाकता येत नाही. ही नोंद पॉलिसी घेतानाच करावी लागते.

इथवरचे पटले की हात लगेच जुन्या पॉलिसी मोडायला शिवशिवतात. तो निर्णय मात्र सरसकट करू नये. आजवर किती भरले ते आता कोणत्याही मार्गाने परत फिरणारे नाही, म्हणून ‘इतके भरलेय, आता कसे सोडू’ हे कारण बाजूला ठेवावे. तुलना पुढची करायची: उरलेले हप्ते भरले तर मुदतीअखेर काय मिळेल, आणि आज सरेंडर करून आलेली रक्कम व पुढचे हप्ते दुसरीकडे गुंतवले तर काय मिळेल. मुदत संपायला चार-पाच वर्षे उरली असतील तर पॉलिसी चालू ठेवणे बहुधा फायद्याचे निघते. नुकतीच घेतली असेल तर पॉलिसीची कागदपत्रे मिळाल्यापासून तीस दिवसांत ती परत करता येते. मधल्या टप्प्यात हप्ते थांबवून, कमी झालेल्या विमा रकमेसह ती पेड-अप ठेवण्याचाही पर्याय असतो. क्रम मात्र चुकता कामा नये. आधी पुरेशा रकमेचा टर्म प्लॅन मंजूर होऊ द्यावा, मग जुन्या पॉलिसीला हात लावावा. तपासणीत नवा विमा नाकारला गेला, तर ज्या पॉलिसीला आपण तोकडी म्हणून मोडीत काढणार होतो, घराला तिचाच तेवढा आधार असतो.